अमरेशच्या उंचीची सीट

१ डिसेंबर, सोमवार. पहाटे, पूजेनंतर.
ठरलं. फेब्रुवारीत अमरेशला जाऊन वर्ष होईल. त्याच्या आठवणीत कोल्हापूर ते कूडलसंगम, आम्हा लिंगायतांचं तीर्थ, सायकलनं जायचं. एकट्यानं. कपाळाला विभूती लावताना हा विचार आला. माझा नसावा, वरून आला असावा. मला असले विचार येत नाहीत.

अमरेश माझा धाकटा भाऊ. कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत कामाला होता. सगळे मोटरसायकलनं जायचे, हा रोज सायकलनं. गेल्या फेब्रुवारीत तापाचं निमित्त झालं आणि गेला. तेव्हापासून त्याची सायकल जिन्याखाली उभी आहे आणि मला थकवा आहे. डॉक्टर म्हणतात काही नाही. लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानात दिवसभर गादीवर बसून येत असेल. सायकलनं उतरेल.

सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, आधी ती जिन्याखालनं बाहेर काढा.

२ डिसेंबर
काढली नाही. दुकानात ज्वारीची गाडी आली. उद्या.

५ डिसेंबर, संध्याकाळ
काढली. पुढं दोन गॅस सिलिंडर, तुळशीची फुटकी कुंडी आणि जुना कूलर होता. ते हलवण्यातच अर्धा व्यायाम झाला. सायकल पुसली, हँडलला विभूतीची बोटं ओढली, झेंडूचं फूल खोवलं.

सायकलच्या दुकानात नेली. हवा भरून झाल्यावर तो म्हणाला, सीट लई उंच हाय, खाली घेऊ काय? मी नको म्हटलं. अमरेश माझ्याहून वीतभर उंच होता. लहानपणी आम्ही दोघं नदीकाठच्या मठाच्या बोर्डिंगात होतो. माझ्या ताटातली अर्धी भाकरी रोज त्याच्या ताटात जायची. तो वाढला तो त्या भाकरीवर, असं अव्वा, आमची आई, म्हणायची. म्हणजे ती उंची थोडी माझीही आहे. त्याचे कपडे वाटून झाले, मोबाईल बंद झाला. त्यानं ठेवली तशीच राहिलेली वस्तू ही एकच.

सायकलवाला म्हणाला, मग पावणं, पाय कसं टेकणार? मी म्हटलं, टेकायचेच नाहीत. चालवायची आहे, थांबायचं नाही.
हे वाक्य चांगलं निघालं. भाषणात वापरावं.

७ डिसेंबर, रविवार
पहिली प्रॅक्टिस. रंकाळा.
अनुभव: चढायला घराचा ओटा पुरतो. चालवणं अवघड नाही, शरीराला आठवतं. उतरणं हा वेगळा विषय आहे. थांबायचं तर शेजारी कट्टा किंवा कठडा लागतो, म्हणजे एक पाय त्यावर ठेवता येतो. रंकाळ्याला कठडा आहे. पण आज त्यावर माणसं बसली होती. त्यामुळं मी थांबू शकलो नाही आणि ठरल्यापेक्षा जास्त चालवली. शेवटी एका भेळेच्या गाड्याला धरून उतरलो. गाडेवाला समंजस होता.

यापुढं रूट कट्ट्यांप्रमाणं आखावा.

१० डिसेंबर
शेजारचे हंबीरराव आले. आमच्या गल्लीच्या तरुण मंडळाचे ते अध्यक्ष आहेत आणि वयानं साठीचे. राइड ऐकून ते गहिवरले. म्हणाले, शेठ, नुसतं जाऊन काय उपयोग, समाजासाठी काहीतरी पाहिजे. मग दोघांनी मिळून ठरवलं. मी जितके किलोमीटर चालवीन, तितके किलो धान्य बाजारातल्या प्रत्येक दुकानानं आमच्या बोर्डिंगला द्यायचं. तिथं अजून शेतमजुरांची मुलं राहतात. अमरेश दर वर्षी पोतं टाकून यायचा.

अट एकच. पायानं मारलेलाच किलोमीटर धरायचा.
व्यापारी लगेच तयार झाले. मला वाटतं, मी पूर्ण करीन असं कुणाला वाटत नाही.

११ डिसेंबर
भूमिकेला सांगितलं. ही अमरेशची बायको, वरच्या मजल्यावर राहते, उद्यमनगरात एका शिलाई युनिटमध्ये कामाला जाते. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, अण्णा, मी पण येऊ का? मी प्रेमानं नाही म्हटलं. तिला दगदग होईल, भावना उचंबळून येतील. शिवाय सायकलिंगचा सराव लागतो.
तिनं डबा उचलला. तिची लेडीज सायकल घेऊन कामाला गेली.

२० डिसेंबर
कूडलसंगमचं अंतर फोनवर पाहिलं. दोनदा पाहिलं.
रात्रभर चिंतन केलं. कूडलसंगम म्हणजे काय, तर दोन नद्या भेटतात ती जागा. तसा संगम आपल्याकडंही आहे. पंचगंगा कृष्णेला मिळते ती जयसिंगपूरच्या पुढं, आणि आमचं बोर्डिंग तिथून हाकेच्या अंतरावर. तीच कृष्णा पुढं कूडलसंगमला जाते. म्हणजे मी बोर्डिंगपर्यंत जावं, उरलेलं पाणी जाईल. देव अंतर मोजत नाही.
मन हलकं झालं. बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

२१ डिसेंबर
देव मोजत नाही, भूमिका मोजते. म्हणाली, अंतर कमी झालं म्हणजे धान्य पण कमी झालं की. पोरांनी तेवढं कमी खायचं व्हय?
मी म्हटलं, बघू काहीतरी. सौ. हसली. ती का हसली ते विचारलं नाही.

२२ डिसेंबर
तोडगा: प्रॅक्टिसचे किलोमीटर धरायचे. ते पायानंच मारलेले असतात. उद्यापासून रोज पहाटे.

२३ डिसेंबर
थंडी.

२४ डिसेंबर
थंडी. शिवाय उसाच्या ट्रॉल्या. सीझन आहे, पहाटेच रस्त्यावर असतात. डबल ट्रॉली शेजारनं गेली तर कट्टा कुठं शोधणार.

३ जानेवारी
गच्चीवर सोय केली. मागचं चाक उचलून धरायला दोन्ही बाजूंना ज्वारीची पोती लावली आणि पाण्याच्या टाकीला धरून वर चढलो. आता ना थंडी, ना ट्रॉली, ना उतरण्याचा प्रश्न. पायडल मारताना पंचाक्षरीचा जप होतो, असा दुहेरी लाभ. डोळे मिटले तर आपण वाटेवरच्या अतिग्रेपर्यंत आलोय असं वाटतं.
हे किलोमीटर धरावेत का? चाक फिरलं म्हणजे अंतर झालंच. जागा तेवढी बदलली नाही.

४ जानेवारी
मठात स्वामीजींना फोन केला. त्यांनी आम्हा दोघांना लहानपणी पाहिलं आहे. त्यांना गच्चीचं सांगितलं नाही, नुसतं विचारलं, किलोमीटर कोण मोजणार? स्वामीजी म्हणाले, तू सांगशील तेवढे. तुझ्या गळ्यात लिंग आहे, आणखी कोण मोजायला पाहिजे.
फार सोपं करून ठेवलं त्यांनी. त्यामुळं दिवसभर जेवण गेलं नाही.

गच्चीचे धरायचे नाहीत.

११ जानेवारी
मंडळानं सत्कार केला. राइडला अजून अवकाश आहे, पण हंबीरराव म्हणाले, नंतर गर्दी होईल. शाल, श्रीफळ, फेटा. भाषणात ‘थांबायचं नाही’ हे वाक्य टाकलं. टाळ्या पडल्या.

१४ जानेवारी
संक्रांत. प्रॅक्टिस नाही. बाजारातल्या व्यापाऱ्यांकडून सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा.

१८ जानेवारी
गुडघा. आयुर्वेदिक तेल लावलं. ज्यांच्याकडून तेल आणलं त्यांनीही नारळ दिला. म्हणाले, आमच्याकडनं छोटासा सत्कार. असे न लिहिलेले सत्कार आणखी बरेच झाले.

सत्काराचे एवढे नारळ घरात फोडणं बरं नाही आणि कुणाला परत देणंही बरं नाही. कपाटावर जागा उरली नाही, आता पलंगाखाली ठेवतो. पहिल्या दोन नारळांची सौ.नं बर्फी केली होती. आता ती म्हणते, जगातली लोकं आधी जाऊन येतात आणि मग नारळ घेतात. तिला मी समजावलं की कोल्हापुरात माणसाला आधी प्रोत्साहन देतात.

२५ जानेवारी
चौकात फ्लेक्स लागला. ‘एक किलोमीटर, एक किलो’. मी हेल्मेट घालून मधोमध, माणसापेक्षा मोठा. वरच्या ओळीत मार्गदर्शक, खालच्या ओळीत मंडळाचे सगळे सभासद, गॉगलसह. एकंदरीत भारदस्त झाला आहे.

कामावरून येताना भूमिका सायकलवरून उतरून बराच वेळ बघत उभी होती. घरी आल्यावर विचारलं, ह्यात ते कुठं हायत? मी तिला घेऊन परत चौकात गेलो आणि दाखवलं. उजव्या कोपऱ्यात, प्रिंटरच्या फोन नंबरच्या वर. फोटो लहान आहे पण ओळखू येतो. ती म्हणाली, व्हय, ओळखू येतो.
रात्री हंबीररावांना म्हटलं, अमरेशचा फोटो मोठा करता आला असता. ते म्हणाले, शेठ, पुढच्या वर्षी.

१ फेब्रुवारी
आठवडा राहिला. आजपासून कडक नियम. तेलकट बंद, दुपारची झोप बंद, रोज रंकाळा.

२ फेब्रुवारी
रंकाळ्यावर निघालो होतो. वाटेत पहाटेचा दूध कट्टा लागला. म्हशी तिथंच पिळतात आणि समोर फेसाचा ग्लास धरतात. उतरायला कट्टा बरा मिळाला म्हणून थांबलो. दूधवाल्यानं फ्लेक्सवरून ओळखलं. पैसे घेतले नाहीत, दुसरा ग्लास दिला. एवढ्या दुधावर सायकल चालवणं बरं नव्हे. हातात धरून घरी आणली.

६ फेब्रुवारी
स्वामीजींचा फोन. म्हणाले, रविवारी अमरेशच्या नावाचा दासोह, अन्नदान, ठेवलाय, मुलांना गव्हाची खीर आहे. मुलांनी ठरवलंय, तू आल्याशिवाय पानावर बसायचं नाही. दुपारपर्यंत येशील ना?
मी म्हटलं, लवकरच येतो.
सौ. जवळच होती. फोन ठेवल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं आणि गुडघ्याला तेल लावून दिलं.

७ फेब्रुवारी
सगळी तयारी. हंबीररावांचा पुतण्या सम्राट त्याचा टेम्पो घेऊन मागून येणार. टेम्पोत सौ., भूमिका, पाणी आणि नारळ. नारळ बोर्डिंगला द्यायचे, अशी कल्पना सौ.ची. पलंगाखालचं सगळं तिनंच पोत्यांत भरलं.

भूमिका सायकल पुसत होती. म्हणाली, अण्णा, निदान उद्याच्यापुरती शीट खाली घ्या की. मी सायकल माझ्याकडं ओढून घेतली. म्हटलं, एवढं एक बोलू नकोस. तिनं फडकं झटकलं आणि वर गेली.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळ, मंडळाचा कट्टा.
निघायचं म्हणून पहाटेच आंघोळ, पूजा करून आलो. अजून कट्ट्यावरच आहे. फेटा बांधणारा यायचाय. हे बसल्या बसल्या लिहितो आहे. फेट्यावर हेल्मेट बसत नाही. हेल्मेटवर फेटा बांधायचा विचार हंबीररावांनी मांडला, तो मी नाकारला. हेल्मेट टेम्पोत.

तोच दिवस, दुपार. टेम्पोत.
टेम्पो हलतो आहे. तरी झालं ते लिहून ठेवतो.

गल्लीतून चांगला निघालो. पहिल्याच चौकात सत्कार. तिथं कट्टा नव्हता, म्हणून चौघांनी मला सायकलसकट उभं धरलं आणि पाचव्यानं फेट्यावर फेटा बांधला. पुढच्या चौकात तेच. तिसऱ्या चौकात तर भाषण झालं, तोवर मी वरच. थांबायचं नाही म्हणणाऱ्या माणसाला प्रत्येक वळणावर थांबवत होते, आणि मला एकट्याला ना थांबता येत होतं ना निघता. लोकांनी धरायचं, लोकांनी ढकलायचं. पंचगंगेच्या पुलावर कठड्याला पाय लावून जरा श्वास घेतला. ऊन वर आलं होतं. फेट्याची शेपटी चाकात जाऊ नये म्हणून दातात धरली होती.

सांगली फाट्याला वळताना समोर उसाची डबल ट्रॉली आडवी. सगळे थांबले. पाय टेकले. मीही टेकायला गेलो. खाली जमीन नव्हती.
पडलो तो ट्रॉलीतून सांडलेल्या उसाच्या वाड्याच्या, हिरव्या शेंड्यांच्या, ढिगावर, म्हणून कोपरावर निभावलं. फेटे उपयोगी पडले. ट्रॅक्टरवाला उतरून म्हणाला, पावणं, एवढ्या उंच सायकलीवर कुणी बसवलं तुम्हाला?

मला टेम्पोत बसवलं. तात्पुरतं. गुडघा भरून आला होता. सम्राट सायकल नारळांवर आडवी टाकणार, तेवढ्यात भूमिका म्हणाली, थांब. पाना हाय का?

मी म्हटलं, भूमिका, नको.

ती सीटच्या खाली पाना लावून उभी होती. ओढणी कमरेला बांधली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

“अण्णा, ते उंच होते. आता न्हाईत. पोरं जेवायची थांबल्यात.”

नट घट्ट बसला होता, तिला एकटीला जमेना. सौ.नं मला कोपरानं ढोसलं, ज्या कोपरावर पडलो होतो तिथंच. मी खाली उतरलो आणि सीट धरली. तिनं पाना फिरवला. सीटच्या दांड्यावर, अमरेशनं आवळली होती तिथं, एक गोल खूण पडली होती. दांडा खाली गेला तशी ती खूण नळीत गेली. पुसली नाही. आत गेली.

ती बसली. एक पाय जमिनीवर टेकून गिअर बघितला आणि गेली. मागं बघितलंच नाही.

नंतरचा प्रवास असा. चोकाकला स्वागत समिती उभी होती. त्यांना फ्लेक्सवरचा माणूस पाहिजे होता. पुढून सायकलवर एक बाई गेली, तिच्याकडं कुणी पाहिलं नाही. त्यांनी टेम्पो अडवला, मला फेट्यांवरून ओळखलं, हार घातला, नारळ दिला. मी सांगत होतो की चालवणारी पुढं गेली. ते म्हणाले, विनय बघा शेठचा. हातकणंगल्याला तसंच. जयसिंगपुरात तर बँड होता. तिला कुणी ओळखत नसल्यानं तिला कुठंच थांबावं लागलं नाही. सम्राट म्हणतो, आता काय वहिनी सापडत न्हाईत.

आत्ताही थांबलो आहोत. शाल आणायला कुणीतरी गेलं आहे.

रात्र, घरी.
आम्ही पोचलो तेव्हा मुलांची जेवणं झाली होती. ताटं घासून उन्हात उपडी घातली होती. भूमिका स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून खीर खात होती. पावलांना धूळ, तोंड लाल. तिच्या शेजारी सायकल भिंतीला टेकलेली. मुलं सायकलचे गिअर टकटक करत होती आणि ती त्यांना रागावत नव्हती.

स्वामीजींसमोर बाजारातले दोघं व्यापारी येऊन बसले होते. हंबीरराव मोटरसायकलनं आधीच पोचले होते. स्वामीजींनी विचारलं, राजशेखर, किती झाले? हंबीरराव माझ्याआधी म्हणाले, पूर्ण, स्वामीजी, पूर्ण. दारापर्यंत.

मी शर्टावरून छातीशी लिंग चाचपलं. म्हटलं, माझे सांगली फाट्यापर्यंतचे. पुढचे सगळे हिचे.

मग एक व्यापारी म्हणाला, पण बोली शेठनं चालवायची झाली होती. स्वामीजींनी त्याला विचारलं, बोली पायाची झाली होती की नावाची? तो म्हणाला, पायाची. स्वामीजी म्हणाले, मग पाय मिळाले की. पायरीवर बसल्यात बघ.
व्यापारी हसला. धान्य पूर्ण मिळणार.

मी डोक्यावरचे फेटे सोडायला लागलो. एकातून एक निघत राहिले, मुलं हसत होती. एक भूमिकेला बांधावा म्हणून हंबीररावांनी उचलला, तर ती म्हणाली, मला परत सायकल चालवायचीय, डोस्क्याला हेल्मेट पाहिजे. टेम्पोतलं हेल्मेट माझं होतं. तिला ते सैल झालं.

मला स्वामीजींनी माझी खीर मलाच वाढून घ्यायला लावली. स्वतःच्या हातानं घेऊन खा म्हणाले. अर्धी झाल्यावर उगाच शेजारच्या रिकाम्या पानाकडं हात गेला. मग उरलेलीही मीच खाल्ली. थकवा होता, पण कशाचा ते आज तरी माहीत होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.
कोपर सुजलं आहे. पूजा बसूनच केली.

पहाटे उठून जिन्याखाली जागा केली होती. कूलर एका बाजूला, सिलिंडर एका बाजूला, म्हणजे अमरेशची सायकल परत नीट उभी राहील. भूमिका खाली आली, डबा कॅरियरला लावला आणि तीच सायकल घेऊन निघाली. मी म्हटलं, अगं, ती आत ठेवायची आहे. ती म्हणाली, आता कशाला आत, रोज लागणार. मग जाता जाता म्हणाली, माझी घ्या तुम्ही, अण्णा.

हंबीरराव येऊन गेले. राइड यशस्वी झाल्याबद्दल सत्कार ठेवायचा म्हणतात. मी सांगितलं, ठेवा, पण भूमिकेचा. ते म्हणाले, फ्लेक्स तर तुमचा आहे. मग म्हणाले, बघू.

दुपार.
ज्वारीची गाडी आली. जेवून दुकानात गेलो.

संध्याकाळ.
भूमिकेची लेडीज सायकल अंगणात उभी होती. घंटी गंजलेली, कॅरियरला दोरी गुंडाळलेली. सौ. भाजीवाल्या बाईशी फाटकात बोलत होती, तिचं लक्ष नव्हतं. ओटा नाही, कट्टा नाही, नुसतं बसून बघितलं.

दोन्ही पाय टेकतात.